सोमवारी बंद

तीनच दिवस होतो फ्लॉरेन्सला, दस्तगीर,
आणि तू विचारतोस, सगळं बघितलं का.
लेकीनं तिकिटं काढली, खोली ठरवली,
कुठं किती वाजता, ते कागदावर लिहून दिलं,
नववीच्या वर्गाला मी सांगायचो तसं:
आधी हलकी रेघ, मग घट्ट.

माझा वर्ग तुला आठवत असेल.
कपाटावर प्लॅस्टरचा एक कान,
शेजारी टोक उडालेलं नाक,
आणि एक डोळा,
त्याला पोरं खडूनं चष्मा काढायची.
डेव्हिडचा कान आहे, मी म्हणायचो,
सावली कुठं वळते ते बघा.
एकतीस वर्षं.
त्या कानामागं सबंध माणूस उभा आहे
हे मलाही पुस्तकातूनच ठाऊक.

शनिवारी घुमट. चारशे त्रेसष्ट पायऱ्या.
शालन म्हणाली, जोतिबाला कधी मोजल्या नाहीत,
इथं कशाला मोजायच्या?
आणि माझ्याआधी वर पोचली.

रविवारी चित्रं.
दालनामागून दालन, सोनं, निळाई, देवदूत,
शेवटी डोळ्यांना अजीर्ण झालं.
एका चित्राच्या कोपऱ्यात मात्र एक खेचर होतं,
ओझ्यानं कान पाडलेलं,
त्याच्या पाठीची रेघ एका दमात ओढलेली.
ती कुठून उचलली असेल म्हणून
मी हवेत बोट फिरवत होतो,
तर रखवालदार धावत आला.
त्याला काय सांगणार, माझंही पोट यावरच चाललं म्हणून.

बाहेर चामड्याच्या दुकानांची गल्ली.
शालन वासानं थबकली.
साल, तेल, ओलं कातडं,
जवाहरनगरात तिच्या वडिलांच्या हाताला यायचा तो वास,
मेल्यावरही न गेलेला.
दुकानदारानं एक चप्पल पुढं केली.
किंमत ऐकून मी हिशेब करत राहिलो,
तिनं ती उलटी केली, तळ दाबला,
अंगठ्यानं टाका चाचपला
आणि मराठीतच म्हणाली, सैल आहे.
त्या माणसाला काय कळलं देव जाणे,
त्यानं ती मुकाट्यानं आत ठेवली.

डेव्हिड सोमवारसाठी राखला होता.
ताटातला मटणाचा चांगला तुकडा
शेवटी खावा, तसा.
दारावर पाटी होती.
सोमवारी बंद.

चौकात त्याची नक्कल उभी असते,
डोक्यावर कबुतरं घेऊन.
कान फार उंच होता.
माझा चष्मा तिथंवर पोचेना.

मग आम्ही नदीकाठानं चालत गेलो,
गाव संपेपर्यंत,
जिथं दुसरी बारकी नदी येऊन मिळते.
तिथं आपल्या छत्रपतींची छत्री आहे, दस्तगीर,
खरंच, दगडी, आपल्याकडच्यासारखी,
खाली रंगवलेला मुखडा, पोरसवदा.
विशीत गेला, परक्या मुलखात,
आणि तिथल्याच संगमावर त्याला अग्नी दिला.
शालननं पायातली चप्पल काढली.
तिथं गार होतं, गवत भिजलेलं,
कुणी काढा म्हटलं नव्हतं.
सायकलवरून पोरं जात होती.
तीन दिवसांत ती एवढी गप्प
तिथंच बसली.

परत आल्यावर किरणोत्सव गाठला.
पहिल्या दिवशी किरणं देवीच्या पायांशी, ठीक.
दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत.
तिसऱ्या दिवशी ढग.
माणसं मान उंचावून थांबली,
मग हात जोडले, आणि गंगावेशीत
म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेली.
मीही गेलो.
कुणी म्हणालं नाही, देवी बघायची राहिली.

लेकीला मी सांगितलंय, डेव्हिड बघितला.
लई मोठा आहे, म्हटलं. खोटं नाही ते.
तिनं फोटो मागितला, तर म्हटलं,
आत काढू देत नाहीत.
हे फक्त तुला ठाऊक.

आता हे कार्ड घे, स्टेशनवर घेतलंय.
सबंध पुतळा आहे,
पण माऊंट असा काप
की कान तेवढा दिसेल.
काच बसवू नकोस.
पैसे मागच्यासारखे घ्यायचे नाहीत म्हणशील,
तर मी दुसरीकडं नेतो.